रात्री वॉर्डात कोण असते?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दोन बंदूकधारी शिरले. प्रसूतिपूर्व वॉर्डात त्या रात्री अंजली कुलथे या सिस्टर ड्युटीवर होत्या आणि त्यांच्या ताब्यात वीस गरोदर स्त्रिया होत्या. त्यांनी वॉर्डाचे जड दरवाजे लावून घेतले, दिवे मालवले आणि विसाही जणींना वॉर्डाच्या टोकाला असलेल्या लहानशा पँट्रीत नेऊन बसवले. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या आधाराने प्रसूतिगृहात पोचवले. ते बाळ सुखरूप जन्मले. पुढे सिस्टरांनी कसाबला ओळखून साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोरही आपला अनुभव सांगितला.

आपण याला प्रसंगावधान म्हणतो आणि विषय संपवतो, जणू ते कुणाकुणाला जन्मतःच मिळते. शौर्य होतेच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या रात्रीच्या कृती एकेक करून पाहिल्या, तर त्यांच्यामागे वॉर्डाची पक्की ओळख दिसते. कोणता दरवाजा आतून बंद होतो, सर्वांत आडोशाची खोली कोणती, कोणत्या बाईची तारीख जवळ आली आहे, अंधारात प्रसूतिगृहाकडे कोणत्या वाटेने जाता येईल, हे तेव्हा कुणाला विचारत बसायला वेळ नव्हता. ते आधीच माहीत असावे लागते. आरोग्य कर्मचाऱ्यांची आपत्कालीन तयारी म्हणतात ती इथून सुरू होते. यंत्रे आणि प्रमाणपत्रे नंतर येतात.

मी बरीच वर्षे परिचारिका होते आणि शेवटी शेवटी प्रशिक्षणाचे काम करत होते. एकदा एका ग्रामीण रुग्णालयात छाती दाबून जीव वाचवण्याचे, म्हणजे सीपीआरचे, शिक्षण द्यायला गेले. पुढच्या रांगेत डॉक्टर, मागे सिस्टर, त्यामागे फार्मासिस्ट आणि लॅबवाले. दाराशी एक मावशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. म्हटले, "मावशी, या ना, तुम्हीही करून बघा." त्या हसल्या.

"आमाला कशाला, बाई? आमी काय सिस्टर हाय का?"

मी विचारले, "रात्री सिस्टर लेबर रूममध्ये असतात, तेव्हा वॉर्डात कोण असतं?"

"मीच की."

"आणि एखाद्या पेशंटचा श्वास बंद पडला तर?"

"सिस्टरला बोलवाया पळते."

लेबर रूम दुसऱ्या इमारतीत होती. जायला आणि परत यायला चार-पाच मिनिटे सहज लागत. हृदय बंद पडल्यावर मेंदूला रक्त मिळाले नाही, तर तेवढ्याच वेळात इजा सुरू होते. विजेच्या शॉकने पुन्हा चालू होऊ शकणारे हृदय असेल, तर छाती दाबणेही नाही आणि शॉकही नाही अशा प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. म्हणजे मावशी जीव तोडून पळत होत्या आणि रुग्णाचा सगळा मोलाचा वेळ त्या पळण्यातच जात होता. दोष त्यांचा नव्हता. त्यांना पळायलाच शिकवले होते.

आपल्या घराघरांतून या मावशी आणि हे मामा दवाखान्यात जातात. कुणी कक्षसेवक, कुणी सफाई कामगार, कुणी ॲम्ब्युलन्सचा चालक, कुणी आशाताई. बरेच जण कंत्राटावर. प्रशिक्षणाची यादी निघते तेव्हा ती डॉक्टरांपासून सुरू होते आणि सिस्टरांपाशी संपते. अडचण मात्र यादी पाहून येत नाही. त्या क्षणी खाटेजवळ जो उभा असेल त्याच्यापुढे ती येते.

त्या दिवशी मावशींनी पुतळ्यावर हात ठेवला आणि पहिल्या दहा दाबांतच मला कळले की त्यांना फार शिकवावे लागणार नाही. छाती दाबताना कोपर वाकवायचे नसते. हात सरळ, खांदे बरोबर हातांच्या वर, आणि जोर अंगाचा. पाट्यावर वाटण वाटलेल्या बाईला हे सांगावे लागत नाही. शिकलेली माणसे मनगटाने दाबायला जातात आणि मिनिटभरात दमतात.

कृती अशी. रुग्णाचे खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही, आणि श्वास थांबला आहे किंवा मधूनच आचके येत आहेत, तर जागेवरूनच मदतीसाठी ओरडा आणि दाबायला लागा. आचके म्हणजे श्वास नव्हे. इथे पुष्कळ जण फसतात आणि "अजून श्वास चालू आहे" म्हणून थांबून राहतात. छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच ठेवायची, त्यावर दुसरा हात. मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, सहाच्या पुढे नको. मिनिटाला १०० ते १२० दाब. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदय त्याच क्षणी रक्ताने भरते. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. दमलेला माणूस आपण दमलो हे कबूल करत नाही आणि दाब उथळ होत जातात.

खाटेवर मऊ गादी असेल तर पाठीखाली फळी सरकवा, नाहीतर तुम्ही छाती दाबता आहात असे वाटते आणि खाली जाते ती गादी. मोजण्याची एक गंमतही सांगते. पुस्तकात तीसपर्यंत मोजा असे असते. पण आपल्या मराठीत एकोणीस, तेवीस, सत्तावीस, एकोणतीस म्हणता म्हणता जीभ अडखळते आणि हातही तिच्याबरोबर मंदावतो. मी नेहमी एक ते दहा असे तीनदा मोजायला लावते. ताल टिकतो.

भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने भारतीय परिस्थितीसाठी २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांत सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची पद्धत सांगितली आहे. तोंडाने श्वास देण्याची सक्ती नाही. मावशींना आणि मामांना एवढे पुरेसे आहे. सिस्टर आणि डॉक्टर आले की अंबू बॅग हातात घ्यायची आणि तीस दाबांमागे दोन श्वास द्यायचे. नळी घातलेली असेल तर दर सहा सेकंदांनी एक श्वास, दाब न थांबवता. घाबरलेला माणूस बॅग भराभर दाबतो. त्यामुळे छातीत हवेचा दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. चांगल्या हेतूने केलेले नुकसान ते हेच.

नवजात बाळाचे शास्त्र वेगळे आहे. तिथे बहुतेक वेळा अडचण श्वासाची असते, हृदयाची नव्हे. म्हणून जन्मल्या जन्मल्या बाळ कोरडे करणे, पाठ चोळणे आणि तरीही रडले नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने मिनिटाला ४० ते ६० श्वास देणे, हे ज्याला येते त्याच्या हातून बाळ वाचते. केंद्र सरकारने २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात हेच शिक्षण दिले. ज्या उपकेंद्रात आजही पहिल्या मिनिटात मास्क शोधला जातो, तिथे त्या शिक्षणाचे प्रमाणपत्र भिंतीवर असून उपयोग नाही.

आता मुख्य अडचणीकडे येते. हे कौशल्य टिकत नाही. सीपीआरचे कार्ड साधारण दोन वर्षे चालते, पण हातातली कला तीन ते सहा महिन्यांत उतरू लागते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. सायकल एकदा आली की येते, तसे हे नाही; तबल्यासारखे आहे, रियाज सुटला की बोट सुटते. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे वर्षातून एकदा सभागृह, पुष्पगुच्छ, तीन तासांची चित्रफीत, जेवण आणि सामूहिक फोटो. शंभर माणसांत एक पुतळा, प्रत्येकाच्या वाट्याला चार दाब. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, पाळी बदलताना, त्याच वॉर्डात, दहा मिनिटे सराव केला तर फरक पडतो. पुतळा मिळत नसेल तर घट्ट गुंडाळलेल्या गादीवर निदान हात सरळ ठेवण्याची आणि तालाची सवय राहते.

त्या दहा मिनिटांत आणखी एक काम करायचे. इमर्जन्सी ट्रॉली उघडायची. घशात नळी घालताना वापरतात त्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, सक्शन ओढते का, अंबू बॅगचा मास्क आहे का, ॲड्रिनालिनची मुदत संपली का. मी एके ठिकाणी सगळे साहित्य नवेकोरे पाहिले होते, कपाटात कुलूपबंद. किल्ली इन्चार्ज सिस्टरांकडे, आणि त्या दिवसपाळीला. चोरी होईल ही भीती खोटी नाही, हरवलेली वस्तू कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल होते हेही मी पाहिले आहे. त्यावर उपाय कुलूप नाही. एकदाच तुटणारे प्लॅस्टिकचे सील लावायचे आणि प्रत्येक पाळीने ते पाहून सही करायची.

इथपर्यंत एका रुग्णाचे झाले. एसटी दरीत गेली, पूल कोसळला, चेंगराचेंगरी झाली की एकाच वेळी चाळीस जण दारात येतात आणि नेहमीची शिस्त उलटी पडते. रोजच्या कामात आपण सर्वांत गंभीर रुग्णाला सगळे बळ लावतो. त्या वेळी हाताशी असलेल्या बळात जास्तीत जास्त जीव कसे वाचतील हे पाहावे लागते. याला ट्रायाज म्हणतात, म्हणजे जखमींची वर्गवारी. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद लारे याने ही रीत रणांगणावर बसवली. त्याचा नियम असा होता की उपचाराचा क्रम जखम किती गंभीर आहे यावर ठरेल, हुद्द्यावर नाही. सेनापती असो की साधा शिपाई. दोनशे वर्षांनंतरही आपल्या दवाखान्यांत कुणाच्या तरी ओळखीचा फोन आला की क्रम बदलतो, तेव्हा मला लारे आठवतो.

आज जगभर वापरली जाणारी सोपी पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झाली. तिला यंत्र लागत नाही, एका जखमीला मिनिटभरही लागत नाही. आधी मोठ्याने सांगायचे, "ज्यांना चालता येते त्यांनी त्या झाडाखाली जा." जे गेले ते हिरवे, ते थांबू शकतात. उरलेल्यांकडे एकेक करून जायचे. श्वास नाही, तर मान सरळ करून हनुवटी वर उचलायची. तरीही श्वास आला नाही तर काळी पट्टी. आला तर लाल. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त, तरी लाल. मनगटाची नाडी लागत नाही, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, तरी लाल. "माझा हात दाबा" म्हटल्यावर दाबत नाही, तरी लाल. या सगळ्यांतून जो पार झाला पण चालू शकत नाही, तो पिवळा. या फेरीत हात दोनच कामांसाठी थांबतो. एक श्वासाची वाट मोकळी करायला आणि दुसरे म्हणजे भळभळणाऱ्या जखमेवर घट्ट दाब द्यायला किंवा तिथे दुसऱ्या कुणाचा हात ठेवायला.

वाचायला हे सोपे वाटते. करायला सर्वांत कठीण आहे ती काळी पट्टी. सीपीआर शिकलेले हात तिथे थांबायला तयार होत नाहीत. आणि जो मोठ्याने ओरडतो आहे त्याच्याकडे सगळे धावतात, तर कोपऱ्यात गप्प पडलेल्याच्या पोटात रक्त साचत असते. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. हे पाठ करून येत नाही. वीस-पंचवीस जणांना खोटे जखमी करून, गळ्यात चिठ्ठ्या अडकवून, गोंधळ घालायला लावूनच ते अंगवळणी पडते. नर्सिंगच्या मुली यात फार छान काम करतात. नातेवाईक होऊन इतक्या अंगावर येतात की शिकणारा डॉक्टर खरोखर घामाघूम होतो.

हे आपल्याला दूरचे वाटू नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. आपले अनेक डॉक्टर आणि सिस्टर तिथे रजा टाकून आरोग्य केंद्रे चालवतात. तापाच्या गोळ्या, बीपी, शुगर, पायांच्या फोडांना मलमपट्टी, सगळे उत्तम. परंतु गर्दीत माणूस चेंगरतो तेव्हा तो बहुधा तुडवला गेल्याने मरत नाही. चारी बाजूंच्या दाबाने छाती फुगायला जागा राहत नाही आणि तो उभ्याउभ्या गुदमरतो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जीव गेले, ते ठिकाण दादरपासून किती दूर आहे? म्हणून प्रत्येक आरोग्य केंद्रावर निदान दोघांना सीपीआर हातात बसलेला असावा, रंगीत पट्ट्यांचा गठ्ठा असावा, जवळची १०८ गाडी कुठे उभी आहे आणि स्ट्रेचर कोणत्या गल्लीतून निघेल हे आदल्या दिवशी चालून पाहिलेले असावे. गर्दी आवरणाऱ्या स्वयंसेवकांनाही त्या चालण्यात बरोबर घ्या. वाट तेच मोकळी करणार आहेत.

१०८ चा उल्लेख आला म्हणून सांगते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली. त्यांतल्या २३३ गाड्या प्रगत उपकरणांच्या होत्या. गाडीत एक डॉक्टर आणि एक चालक. घटनास्थळी डॉक्टर छाती दाबत असेल तर बॅग कोण दाबणार? चालकच. म्हणून चालकाला "तू फक्त गाडी बघ" म्हणणे चुकीचे आहे. त्या जागी हातांची दुसरी जोडी त्याची एकट्याची असते.

तिसरी वेळ सर्वांत वाईट, दवाखानाच संकटात सापडतो ती. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत १७ बाळे होती. सात वाचली, दहा गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती होऊन पुरवठ्याचा दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी विरारला एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग, आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात. एकाच राज्यात, एकाच वर्षात. कुणाची किती चूक होती ते चौकश्या ठरवतात. मला या घटनांतून एक गोष्ट दिसते. अग्निशमन दल येईपर्यंतची पहिली पाच-दहा मिनिटे आतल्या माणसांचीच असतात.

त्या मिनिटांत आधी धोक्याजवळच्या रुग्णाला बाहेर काढायचे, त्याच वेळी ओरडून किंवा घंटा वाजवून कळवायचे, खोली रिकामी झाली की दार ओढून घ्यायचे, आणि आग लहान असेल तरच विझवायला जायचे. दार ओढणे सगळे विसरतात. माणसे आगीपेक्षा धुराने अधिक मरतात आणि बंद दार धुराला कितीतरी वेळ अडवते. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत चालायचे. लिफ्ट नाही. एकदम जिन्याकडे धावण्यापेक्षा आधी त्याच मजल्यावरच्या पलीकडच्या सुरक्षित वॉर्डात रुग्ण सरकवायचे. चालता येणाऱ्यांना एकमेकांचा हात धरून एकत्र पाठवायचे. जो उठू शकत नाही त्याला गादीसकट किंवा चादरीवर जमिनीवरून ओढत न्यायचे, डोके पुढे ठेवून. एक बाई एका धिप्पाड रुग्णाला असे ओढू शकते, हे स्वतः केल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. बाळांच्या कक्षात मजबूत कापडाच्या झोळ्या टांगलेल्या असाव्यात, म्हणजे एका सिस्टरला दोन-तीन बाळे अंगाशी धरून निघता येते.

भिंतीवरचा लाल बाटला सर्वांनी पाहिलेला असतो. वापरलेला फार थोड्यांनी. पिन ओढायची, नळीचे तोंड ज्वालेकडे नाही तर आगीच्या बुडाशी धरायचे, दांडा दाबायचा आणि झाडू मारल्यासारखे डावीकडून उजवीकडे फिरवायचे. लहान बाटला पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. तेवढ्यात आग विझली नाही तर निघायचे. म्हणून सुरुवातीपासून दार आपल्या पाठीशी ठेवायचे.

ऑक्सिजनचा वॉल्व्ह कुठे आहे हे वॉर्डातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे आणि तो कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचा हेही. आग लागली की ऑक्सिजन तिला पेटवत नेतो, म्हणून तो तोडावा लागतो. पण त्या नळीवर ज्याचा जीव आहे त्याच्या हाताशी आधी सिलिंडर आणि अंबू बॅग पोचली पाहिजे. इथे थोडे गणित प्रत्येकाने करून ठेवावे. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो, लहान बी-टाइपमध्ये १,५०० लिटर. मिनिटाला दहा लिटर लागत असतील तर लहान सिलिंडर अडीच तास पुरतो, मोठा साडेअकरा तास. अर्धा भरलेला असेल तर त्याच्या निम्मा. हा हिशेब मामांना येत असेल तर रात्री तीन वाजता सिलिंडर संपल्यावर धावपळ होत नाही, दोन वाजताच बदललेला असतो. आणि सिलिंडर उघडायचा पाना सिलिंडरलाच साखळीने बांधलेला असावा. पाना शोधण्यात गेलेल्या वेळेची नोंद कोणत्याच केसपेपरवर होत नाही.

हे सगळे मागायचे कुणाकडे? कागदावर आधार आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत प्रत्येक रुग्णालयाची आपत्ती योजना आणि तिची रंगीत तालीम अपेक्षित आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीची आगविरोधी यंत्रणा चालू असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. आपल्या दवाखान्याचे ते शेवटचे कधी दिले गेले, एवढे विचारले तरी बऱ्याच कार्यालयांत फाइल हलते. युनियनच्या मागण्यांत पगार आणि कायम करणे असते, आणि ते असायलाच हवे. त्याच कागदावर आणखी एक ओळ घाला. प्रशिक्षण सर्वांना, कंत्राटी कामगारांनाही, आणि ते ड्युटीच्या वेळेत. सुट्टीच्या दिवशी बोलावून फुकट नाही. एजन्सी बदलली की शिकलेली माणसे जातात आणि कोरी येतात, म्हणून नव्या माणसाच्या पहिल्या आठवड्यातच दार, वॉल्व्ह, बाटला आणि छातीचा दाब हे चार धडे व्हावेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. शिक्षणाने माणसांची कमतरता भरून निघत नाही. एकाच सिस्टरकडे रात्री दोन वॉर्ड असतील तर तिला जगातले उत्तम शिक्षण देऊनही ती एका वेळी एकाच ठिकाणी असेल. दुर्घटना घडली की सर्वांत आधी निलंबन होते ते हजर असलेल्या सिस्टरचे. तिला काय शिकवले होते आणि तिच्याबरोबर किती जण होते, हे प्रश्न त्यानंतर येतात, कधी येतही नाहीत.

त्या ग्रामीण रुग्णालयात आम्ही पुढे तालीमही केली. दिवसा नाही, रात्री दोन वाजता. अधीक्षकांना आणि पोलीस ठाण्याला तेवढे कळवले होते, बाकी कुणाला नाही. खरा रुग्ण एकही हलवायचा नाही असे ठरले होते. खाटांवर नर्सिंगच्या सहा मुली झोपवल्या आणि "धूर" म्हणून ओरडलो. मावशींनी पहिली मुलगी चादरीवर ओढत मिनिटभरात मागच्या दारापाशी आणली. दाराला कुलूप होते. किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन पुढच्या फाटकावर. कुत्री आत येतात म्हणून कुलूप लावले होते, असे कळले. मावशी घामाने भिजलेल्या, चादरीचे टोक हातात तसेच, अधीक्षकांना म्हणाल्या, "साहेब, कुत्र्याला जाळी लावा. कुलूप काढा." दुसऱ्या दिवशी सुतार आला. आता तिथे बाहेरून न उघडणारी, आतून नुसती दाबायची कडी आहे.